दोन टिंबे अडवून भागत नाही: फाइली उघड्या पडलेल्या वेब सर्व्हरची दुरुस्ती

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या सर्व्हरवरील 'पासडब्ल्यूडी' नावाच्या एका फाइलचा मजकूर दिसत असलेला स्क्रीनशॉट कोणा अनोळखी व्यक्तीने ईमेलने संस्थेकडे पाठवला. सर्व्हर लिनक्सचा आहे, त्यावर अपाची या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची २.४.४९ ही आवृत्ती चालते, आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने पत्त्यात दोन टिंबे दिसली की विनंती अडवणारा एक नियम टाकून काम झाल्याचे सांगितले. हा उपाय पुरेसा आहे का, आवृत्ती बदलली तर पिग्मीचे (रोजच्या ठेवी गोळा करण्याचे) ॲप बंद पडेल का, आणि सभासदांना काही कळवावे लागते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. तो नियम राहू द्यावा, काढण्याची घाई करू नये, पण त्याच्या भरवशावर एक रात्रही काढू नये. का, हे समजण्यासाठी या दोषाची घडण पाहावी लागेल, कारण पुढील सगळी कामे त्यातूनच निघतात.

ब्राउझर सर्व्हरकडे जो पत्ता पाठवतो त्यात दोन टिंबांचा अर्थ 'एक पायरी वर जा' असा होतो. चित्रांच्या फोल्डरमधून पुरेशा पायऱ्या वर गेले की मूळ डिरेक्टरी येते आणि तेथून खाली कोठेही उतरता येते. म्हणून प्रत्येक सर्व्हर आधी पत्ता सरळ करून घेतो आणि तो ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर जातो की काय हे तपासतो. अडचण अशी की पत्त्यातील कोणतेही अक्षर टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंकी संकेत अशा रूपातही लिहिता येते. टिंबाचा संकेत टक्का, दोन, ई असा आहे. अपाची २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा पत्ता सरळ करणारा कोड नव्याने लिहिला गेला होता. त्या कोडला साधी दोन टिंबे ओळखता येत होती, पहिले टिंब संकेतात असले तरी ओळखता येत होते, परंतु पहिले टिंब साधे आणि दुसरे संकेतात, अशी जोडी आली की तो ती सोडून देत असे. तपासणी पार पडल्यावर पुढच्या टप्प्यात संकेत उलगडला जाई आणि दोन टिंबे पुन्हा जिवंत होत. हाच सीव्हीई-२०२१-४१७७३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षादोषाला मिळणारा नोंदणी क्रमांक).

त्यावर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी २.४.५० आली. ती जेमतेम तीन दिवस टिकली. संकेताच्या आकड्यांनाच पुन्हा संकेतात लिहिले, म्हणजे पाकिटात पाकीट घातले, तर पहिल्या उलगड्यात एक संकेत निघतो आणि दुसऱ्या उलगड्यात टिंब निघते. अपाचीच्या वाटेत उलगडा दोनदा होत होता आणि तपासणी मात्र पहिल्यानंतरच होत होती. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आली आणि हा दुसरा दोष सीव्हीई-२०२१-४२०१३ म्हणून नोंदला गेला. ज्यांनी सर्व्हर लिहिला, ज्यांच्यासमोर संपूर्ण कोड उघडा होता, त्यांनाही घातक पत्त्यांची सगळी रूपे पहिल्या फेरीत बंद करता आली नाहीत. तेव्हा बाहेरून टाकलेल्या एका ओळीच्या नियमाने ती बंद होतील असे मानणे धाडसाचे आहे. शिवाय असा नियम विनंतीचे मूळ रूप पाहतो की उलगडलेले, हे तो कशावर लिहिला आहे त्यावर ठरते. जो एक रूप पाहतो त्याला दुसरे दिसत नाही. आपल्या पुरवठादाराने कोणते पाहिले आहे हे त्याला विचारून पाहावे. उत्तर यायला वेळ लागला तर त्यातच उत्तर आहे.

आता एक गोष्ट, जी या प्रकरणात मला दोषाइतकीच महत्त्वाची वाटते. २.४.४९ असली म्हणून फाइली आपोआप बाहेर जात नाहीत. अपाचीच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये सर्वात वरच्या डिरेक्टरीसाठी 'रिक्वायर ऑल डिनाइड' अशी ओळ असते, म्हणजे जे स्वतंत्रपणे उघडे केले नाही ते सगळे बंद. ही ओळ जागेवर असती तर टिंबांचा खेळ यशस्वी होऊनही सर्व्हरने ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', म्हणून हात आखडता घेतला असता. आपल्याकडे फाइल बाहेर गेली, याचा अर्थ ती ओळ कोणीतरी बदलून 'ग्रँटेड' केली आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातील संस्थांचे सर्व्हर पाहताना ही खूण वारंवार आढळते आणि तिचे कारणही ठरलेले असते. सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा ॲप्लिकेशनचे फोल्डर नेहमीच्या जागेऐवजी भलतीकडे ठेवतो, पान उघडत नाही, एरर लॉगमध्ये (सर्व्हरने ठेवलेल्या चुकांच्या नोंदीत) 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' अशी ओळ येते, शेवटची बस गाठायची असते, आणि फक्त ॲप्लिकेशनच्या फोल्डरला परवानगी देण्याऐवजी तो मुळालाच देऊन मोकळा होतो. पान उघडते, बिल निघते, आणि ती ओळ पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते.

म्हणून आज, आवृत्ती बदलण्याच्याही आधी, ती ओळ परत 'डिनाइड' करावी आणि ॲप्लिकेशनच्या नेमक्या फोल्डरला तेवढी स्वतंत्र परवानगी द्यावी. सीजीआयचा, म्हणजे विनंती आली की सर्व्हरवरील प्रोग्राम चालवण्याच्या सोयीचा, वापर नसेल, आणि पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा नसतोच, तर ते मॉड्यूलही बंद करावे. कारण सीजीआय चालू असताना याच वाटेने फाइल वाचण्याऐवजी सर्व्हरवर आज्ञा चालवता येते.

परंतु त्याच्याही आधी लॉग. कशालाही हात लावण्यापूर्वी ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) आणि एरर लॉग, दाबून लहान केलेल्या जुन्या फाइली धरून, दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावेत. लिनक्सच्या वितरणाच्या (डेबियन, उबंटू यांसारख्या तयार संचाच्या) पॅकेजमधून आलेली अपाची लॉग फिरवत राहते. डेबियनच्या मांडणीत दररोज एक याप्रमाणे चौदा राहतात आणि त्यापलीकडचे पुसले जातात. आपली अपाची पुरवठादाराने स्वतः बांधून बसवलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशा अपाचीचे लॉग फिरवायला कोणी नसते. फाइल फुगत जाते, डिस्क भरत आली की मगच कोणाच्या तरी लक्षात येते. एरवी हा हलगर्जीपणा म्हणावा लागला असता, पण या वेळी तो आपल्या पथ्यावर पडेल, कारण पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी त्यात मिळण्याची आशा आहे.

लॉगमध्ये काय पाहायचे तेही सांगतो. अपाची विनंतीची ओळ जशी आली तशी लिहिते, न उलगडता, त्यामुळे संकेत तसेच दिसतात. लॉगमध्ये ती रोमन लिपीत असेल, येथे देवनागरीत देतो; साधारण अशी ओळ दिसेल: "गेट /आयकॉन्स/.%२ई/.%२ई/.%२ई/.%२ई/इटीसी/पासडब्ल्यूडी" २०० १८४३. यातील २०० म्हणजे सर्व्हरने मागितलेले दिले. त्यापुढचा आकडा, जो येथे केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, तो किती बाइट दिले हे सांगतो. त्या फाइलचा डिस्कवरील आकार याच्याशी पडताळून पाहावा. तो जुळला तर फाइल पूर्ण गेली. काही मांडण्यांमध्ये हेडरचे (उत्तराच्या आधी जाणाऱ्या तांत्रिक माहितीचे) बाइटही त्यात धरले जातात, त्यामुळे थोडा फरक पडला म्हणून निश्चिंत होऊ नये. ४०० किंवा ४०३ असेल तर तो प्रयत्न फसलेला आहे, आणि असे फसलेले प्रयत्न ढिगाने दिसतील. इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर ते दिसतात, त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसरे रूप टक्क्यामागून टक्का आलेले असेल, तेही शोधावे. मात्र एखादी 'पोस्ट' (सर्व्हरकडे मजकूर पाठवणारी) विनंती सीजीआय-बिनमधून निघून 'बिन/एसएच' या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोहोचलेली असेल आणि तिच्यापुढे २०० असेल, तर विषय फाइल वाचण्याचा राहिलेला नाही. कोणीतरी सर्व्हरवर आज्ञा चालवली आहे, कोणती ते लॉगमधून कळणार नाही, कारण 'पोस्ट'मधील मजकूर लॉगमध्ये येत नाही. अशा सर्व्हरला पॅच करत बसू नये. तो जाळ्यातून बाहेर काढावा, डिस्कची प्रत ठेवावी आणि नवीन सर्व्हर कोऱ्या स्थितीपासून उभा करावा. खाली जे लिहिले आहे ते अशी ओळ सापडलेली नाही असे धरून.

आवृत्ती बदलण्यापूर्वी कोणती अपाची चालू आहे याची खात्री करून घ्यावी. हे वाचायला विचित्र वाटेल, पण एकाच यंत्रावर दोन अपाची असणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. एक वितरणाच्या पॅकेजची, बंद पडून राहिलेली. दुसरी पुरवठादाराने 'युझर-लोकल' खाली बांधलेली, प्रत्यक्ष काम करणारी. टर्मिनलवर आवृत्ती विचारली की पहिली उत्तर देते, पॅकेज अद्ययावत केले की पहिलीच अद्ययावत होते, आणि ४४३ पोर्टवर, म्हणजे सुरक्षित वेब वाहतुकीच्या दारात, दुसरी निवांत बसलेली असते. चालू प्रक्रियांच्या यादीत पूर्ण मार्ग पाहावा, किंवा चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या 'प्रॉक' डिरेक्टरीत त्या प्रक्रियेची 'एक्झी' कडी कोठे जाते ते पाहावे. तो मार्ग खोटे बोलत नाही.

येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. हा दोष २.४.४९ मध्ये नव्याने शिरला असल्यामुळे त्याहून जुन्या आवृत्त्यांना त्याची बाधा नाही. सेंटओएस ७ ची २.४.६ आणि उबंटू २०.०४ ची २.४.४१ या दोन्ही सुरक्षित राहिल्या, आणि जे हौसेने सर्वात नवीन बांधून घेत होते ते सापडले. यावरून जुने ते सोने असा अर्थ कोणी काढू नये. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि त्यानंतर सापडलेल्या दोषांना तेथे पॅचच नाही. मुद्दा इतकाच की वितरणे आवृत्तीचा आकडा तसाच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती मागे नेऊन जोडतात. त्यामुळे नुसता आकडा पाहून 'जुनी आहे, धोकादायक आहे' असा शेरा मारणाऱ्या लेखापरीक्षकाला पॅकेजचा पूर्ण क्रमांक दाखवावा लागतो. आकडा हेडरमधून लपवण्याची सोय आहे, ती वापरण्यास हरकत नाही, परंतु तिने दोष जात नाही.

माझा सल्ला हातबांधणीची अपाची मोडीत काढून आधार चालू असलेल्या वितरणाच्या पॅकेजवर जाण्याचा आहे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी मांडणी करण्याचा. पुरवठादार सांगेल की आमच्या सॉफ्टवेअरला ठरावीक आवृत्तीच लागते. क्वचित ते खरे असते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आम्ही दुसऱ्या आवृत्तीवर चालवून पाहिलेले नाही' एवढाच असतो. ते शक्यच नसेल तर मूळ संकेतस्थळावरून सध्याची आवृत्ती घेऊन बांधावी. २.४.५१ ही किमान मर्यादा समजावी, मुक्काम नव्हे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या २.४.६० मध्ये वेगळ्याच कारणाने मजकूर उघडा पडण्याचा दोष शिरला होता: 'ॲड-टाइप' या जुन्या पद्धतीने पीएचपी जोडलेली असेल तर काही परिस्थितीत पीएचपीची फाइल चालवली जाण्याऐवजी जशीच्या तशी पाठवली जाई, म्हणजे डेटाबेसच्या पासवर्डासकट. २.४.६१ ने तो अर्धवट मिटवला आणि २.४.६२ ने पुरता. एकाच सर्व्हरच्या इतिहासात अपुऱ्या दुरुस्तीचा हा दुसरा प्रसंग, म्हणून सुरक्षेचे सूचनापत्र निघाले की दोन आठवडे त्यावर लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरा प्रश्न पिग्मीचा. २.४ या मालिकेच्या आत मॉड्यूल आणि कॉन्फिगरेशन यांची जुळणी राखली जाते, त्यामुळे २.४.४९ वरून पुढच्या २.४ वर जाताना ॲप्लिकेशन कोलमडण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती वेगळ्या जागी. वितरणच बदलले तर त्याबरोबर ओपनएसएसएल हे जोडणी सुरक्षित करणारे सॉफ्टवेअर नवीन येते आणि ते टीएलएस १.० या जुन्या पद्धतीने बोलायला नकार देऊ शकते. पिग्मी एजंटांकडे जुनी हातयंत्रे किंवा जुने अँड्रॉइड फोन असतील तर दिवसभराची वसुली संध्याकाळी चढवताना ती यंत्रे अडखळतील. म्हणून सर्वात जुने यंत्र कोणाकडे आहे हे आधी शोधावे, त्या एजंटाला एका दुपारी कार्यालयात बोलावून घ्यावे आणि चाचणीच्या सर्व्हरवर त्याच्याच यंत्रावरून एक रुपयाची नोंद चढवून पाहावी. या एका चाचणीतून जेवढे कळते तेवढे पुरवठादाराच्या आश्वासनातून कळत नाही.

बदल रात्री करावा, सगळ्या एजंटांची नोंद चढून दिवसअखेर झाल्यावर. कॉन्फिगरेशनची प्रत, मॉड्यूलांची यादी आणि डेटाबेसचा बॅकअप आधी घ्यावा, आणि बॅकअप वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगावे लागते. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी खरोखर किती वेळ काढते ते त्याच आठवड्यात तपासलेले असावे. नवीन कॉन्फिगरेशन आधी तपासणीच्या आज्ञेने वाचून घ्यावे, मग अपाची पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावी. येथे पुष्कळ जण 'ग्रेसफुल' करून थांबतात. तसे केल्याने कॉन्फिगरेशन नवे वाचले जाते, परंतु मूळ प्रक्रिया जुनीच राहते, आणि हा दोष अपाचीच्या गाभ्यात असल्यामुळे तो स्मरणात तसाच चालू राहतो. डिस्कवर नवीन फाइल, आवृत्ती विचारली तर नवीन उत्तर, आणि चालू आहे ते जुनेच. 'प्रॉक'मधील त्याच कडीपुढे 'डिलीटेड' असा शब्द दिसला तर हेच घडले आहे असे समजावे.

पडताळणी ब्राउझरने करू नये. ब्राउझर पत्ता पाठवण्यापूर्वी दोन टिंबे स्वतःच सरळ करून टाकतो, संकेतातली सुद्धा, त्यामुळे दोष असो वा नसो, निकाल एकच येतो. पुरवठादाराचा 'आम्ही तपासले, काही दिसले नाही' हा निर्वाळा बहुधा असाच मिळालेला असतो. 'कर्ल' हे टर्मिनलवरून विनंती पाठवणारे साधन वापरावे, आणि त्यालाही 'पाथ-ॲज-इज' हा पर्याय द्यावा, नाही तर तेही साधी टिंबे सरळ करते. लॉगमध्ये सापडलेली विनंती जशीच्या तशी आपल्याच सर्व्हरवर, कार्यालयाच्या जाळ्याबाहेरून, म्हणजे मोबाइलच्या इंटरनेटवरून, पाठवून पाहावी. २०० येता कामा नये. त्यानंतर पुरवठादाराचा तो नियम क्षणभर बाजूला ठेवून पुन्हा पाहावे. नियमाशिवायही सर्व्हर नकार देत असेल तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येईल.

येथवरचे काम एका रात्रीचे आहे. पुढचे अधिक कंटाळवाणे आहे आणि तेच सहसा राहून जाते. जी फाइल वाचता येत होती ती वाचली गेली असे धरूनच चालावे लागते, विशेषतः लॉग पूर्ण काळाचे नसतील तर. मग प्रश्न उरतो, काय काय वाचता येत होते? अपाचीची मूळ प्रक्रिया रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून सुरू होते, पण विनंत्यांना उत्तरे देणाऱ्या प्रक्रिया एका कमी अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्या वापरकर्त्याला जे वाचता येते तेवढेच बाहेर गेले असेल. त्या वापरकर्त्याच्या नावाने यंत्रावर फिरून वाचता येणाऱ्या फाइलींची यादी काढावी. स्क्रीनशॉटमध्ये दिसणारी 'पासडब्ल्यूडी' फाइल नाव ऐकून दचकवते, पण तिच्यात आता पासवर्ड नसतात, वापरकर्त्यांची नावे असतात. पासवर्डांचे संक्षिप्त रूप 'शॅडो' फाइलमध्ये असते आणि ती या वापरकर्त्याला उघडत नाही. टीएलएसची खासगी किल्ली रूटच्या मालकीची आणि इतरांना बंद असेल तर तीही सुरक्षित आहे. ती कोणालाही वाचता येईल अशी ठेवलेली आढळली तर मात्र प्रमाणपत्र रद्द करून नव्या किल्लीवर नवीन घ्यावे.

खरी चिंता ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशन फाइलची. ती अपाचीच्या वापरकर्त्याला वाचता आलीच पाहिजे, नाही तर सॉफ्टवेअर चालणार नाही. म्हणजे ती बाहेर गेली असण्याची शक्यता सर्वाधिक. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली असते, आणि पिग्मी ॲपशी बोलण्यासाठीचा सामायिक गुप्त संकेतही बहुधा तेथेच असतो. डेटाबेसचा पासवर्ड त्याच रात्री बदलावा आणि त्याचे पोर्ट बाहेरून उघडे नाही ना हे पाहावे. एसएमएसची किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळीच बदलून घ्यावी. तिचा गैरवापर संस्थेच्या नावाने सभासदांना खोटे संदेश पाठवण्यासाठी होतो आणि गावात अशी बातमी पसरायला एक संदेश पुरतो. पिग्मीचा संकेत बदलणे सर्वात त्रासाचे, कारण तो ॲपमध्येच कोरलेला असेल तर प्रत्येक एजंटाच्या फोनवर नवीन ॲप घालावे लागते. सर्व्हरने काही दिवस दोन्ही संकेत स्वीकारावेत आणि ठरलेल्या तारखेला जुना बंद करावा. ती तारीख कागदावर लिहून सचिवांच्या सहीनिशी ठेवावी, नाही तर जुना संकेत पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तसाच चालू राहील.

सभासदांची कागदपत्रे हा वेगळाच विषय आहे. आधार, पॅन, कर्जप्रकरणाला जोडलेले जमिनीचे उतारे, मग ते इकडचे, कर्नाटकातले आरटीसी असोत की चंदगडच्या बाजूच्या सभासदांचे सातबारा, हे सगळे स्कॅन होऊन एका 'अपलोड' फोल्डरमध्ये खातेक्रमांकाच्या नावाने पडलेले असते. तो फोल्डर वेब सर्व्हरच्या मुळाखालीच, म्हणजे बाहेर दाखवल्या जाणाऱ्या मुख्य फोल्डरातच, असेल तर टिंबांची युक्तीही लागत नाही. पत्त्यात एक क्रमांक वाढवत गेले की पुढच्या सभासदाचा कागद समोर येतो. अपाची कितीही नवीन केली तरी हे बंद होत नाही. तो फोल्डर मुळाबाहेर हलवून, लॉगिन तपासूनच कागद दाखवेल अशी सोय पुरवठादाराकडून करून घ्यावी, आणि तोवर फोल्डरची यादी दाखवणारा 'इंडेक्सेस' पर्याय निदान बंद ठेवावा.

तिसऱ्या प्रश्नाबाबत. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. हे निर्देश कंपन्यांपुरते नाहीत, नोंदणीकृत संस्थांनाही लागू आहेत. आपली पतसंस्था राज्याच्या कायद्याखालची सौहार्द असो की केंद्राच्या कायद्याखालची मल्टीस्टेट, त्याने फरक पडत नाही. ६ तास उलटून गेले असतील तरी कळवावे. सभासदांना कळवण्याचे कर्तव्य २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे आणि त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत असल्यामुळे आज नेमके काय बंधनकारक आहे हे संस्थेच्या वकिलांकडून तपासून घ्यावे. बंधन असो वा नसो, कागदपत्रे किंवा कॉन्फिगरेशन फाइल बाहेर गेल्याचे लॉगमध्ये दिसत असेल तर मी कळवण्याच्या बाजूचा आहे: मराठी आणि कन्नड दोन्हींत, काय गेले, संस्थेने काय केले आणि कोणत्या प्रकारच्या फोनला उत्तर देऊ नये, एवढेच. केवळ 'पासडब्ल्यूडी' गेलेली दिसत असेल आणि लॉग पूर्ण काळाचे असतील तर सभासदांना घाबरवण्यात अर्थ नाही. मात्र संचालक मंडळापुढे लेखी टिपण ठेवून ते इतिवृत्तात आणावे.

सॉफ्टवेअर जावाचे असेल तर अपाचीमागे बहुधा टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर असेल. त्यावर ८००९ पोर्ट बाहेरून उघडे आहे का हे याच बैठकीत पाहून घ्यावे. फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झालेल्या घोस्टकॅट, म्हणजे सीव्हीई-२०२०-१९३८, या दोषाने त्या पोर्टावरून ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येतात. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांत तो मिटला. एजेपीचा, म्हणजे त्या पोर्टावर अपाची आणि टॉमकॅट ज्या पद्धतीने बोलतात तिचा, वापर नसेल तर कॉन्फिगरेशनमधील तिची ओळ काढूनच टाकावी.

राहता राहिला तो ईमेल पाठवणारा. चेअरमनसाहेबांचा ओढा पोलिसांत तक्रार देण्याकडे आहे असे आपण लिहिले आहे. त्याने पैसे मागितले असतील किंवा धमकी दिली असेल तर ती अवश्य द्यावी. तसे नसेल तर आधी दोन ओळींचे सभ्य उत्तर पाठवावे: कळवल्याबद्दल आभार, दुरुस्ती चालू आहे, आणि आपण हे नेमके कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणत्या आयपी पत्त्यावरून पाहिले ते सांगावे. त्याने सांगितलेली वेळ आणि पत्ता लॉगमधल्या ओळींशी ताडून पाहिल्यावर त्याच्या ओळी वेगळ्या काढता येतील. उरलेल्या २०० च्या ओळी दुसऱ्या कोणाच्या आहेत, आणि शोध त्यांचा घ्यायचा आहे.